पहिला सर्फबोर्ड कार्यशाळेत घडवताना: पीयू फोम, ईपीएस की पोकळ लाकूड?

सर्फबोर्ड स्वतःच्या हातानं घडवायचं मनात आलं आणि सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या एखाद्या सामुदायिक कार्यशाळेत नाव घालायचं ठरलं, की पहिला पेच साहित्याचा पडतो. काही ठिकाणी पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, फोम तासायला देतात आणि त्यावर पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे सुकल्यावर कडक होणारा पातळ राळेसारखा द्रव, चढवतात. काही ठिकाणी ईपीएसचा पांढरा, दाणेदार फोम आणि इपॉक्सी रेझिन असतं. काही कार्यशाळा फोमला हातच लावत नाहीत, त्या लाकडाचा पोकळ बोर्ड बांधायला शिकवतात. शिवाय संगणकावर आकार काढायचा, तो यंत्रावर कापून घ्यायचा आणि हातानं नुसता घासून पुरा करायचा, अशीही सोय हल्ली असते.

बहुतेक जण यातून निवड करताना दुकानात विचारावेत तसे प्रश्न विचारतात. हलका कोणता, टिकतो कोणता, देखणा कोणता? तयार बोर्ड विकत घेताना हे प्रश्न बरोबरच आहेत. कार्यशाळेतून मात्र तुम्ही बोर्डाबरोबर एक कसब घेऊन बाहेर पडणार असता, आणि ते कुठलं असेल हे साहित्यावर ठरतं. पीयूमध्ये आकाराचा निर्णय रंधा हातात असताना घेत जावा लागतो. लाकडात तो पहिली फळी कापण्याआधीच घेऊन टाकावा लागतो. यंत्राच्या वाटेनं गेलात तर तो पडद्यावर होतो. ईपीएस आकारापेक्षा रेझिनकामात तुमची जास्त परीक्षा बघतो. तेव्हा तुम्हाला आकार समजून घ्यायचा आहे, सुतारकामाची ओढ आहे, की हलका आणि टणक बोर्ड लवकर पाण्यात न्यायचा आहे, हे आधी मनाशी पक्कं करा.

पीयू फोम: आकार शिकायचा तर इथे

1958 च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पीयू फोमचे बोर्ड मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि बाल्सा लाकडाची सद्दी संपत गेली. पुढे क्लार्क यांची 'क्लार्क फोम' ही कंपनी इतकी पसरली, की 5 डिसेंबर 2005 रोजी तिनं अचानक काम थांबवलं तेव्हा असंख्य शेपरांपुढे, म्हणजे बोर्ड तासून घडवणाऱ्यांपुढे, उद्या तासायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. कारण तिथून येत होते ते ब्लँक, म्हणजे साच्यात तयार झालेले, ढोबळ बोर्डाच्या आकाराचे फोमचे ठोकळे. त्यानंतर ईपीएसकडे आणि लाकडाकडे अनेकांचं लक्ष वळलं. आज शिकणाऱ्यापुढे एवढे पर्याय आहेत, त्याला ती घटनाही कारणीभूत आहे.

पीयूचा मोठा गुण म्हणजे तो एकजिनसी आहे. रंध्याखाली बारीक भुकटी होऊन उतरतो, दाणे उपटून येत नाहीत. चूक झाली की लगेच दिसते आणि बऱ्याचदा आजूबाजूचा भाग थोडा उतरवून सावरता येते. नवशिक्याला याहून जास्त काय हवं?

काम सुरू होतं बाह्यरेषेपासून. प्लायवूडचा अर्धा टेम्प्लेट ब्लँकच्या मधोमध असलेल्या लाकडी पट्टीला, म्हणजे स्ट्रिंगरला, धरून एक बाजू आखायची, मग तोच उलटून दुसरी. अर्धाच टेम्प्लेट दोन्हीकडे वापरल्यानं दोन बाजूंत फरक पडत नाही. करवत रेषेच्या किंचित बाहेरून चालवायची आणि उरलेलं घासत घासत रेषेपर्यंत यायचं. कड इथे काटकोनात उभी राहिली नाही, तर पुढची सगळी मापं फसतात. त्यानंतर जाडी आणि रॉकर, म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची कमान. मग रेल, म्हणजे बोर्डाच्या कडा. रेल थेट गोल करायला जाऊ नये. आधी तिरके सपाट पट्टे काढायचे, पट्ट्याला लागून पुढचा पट्टा, आणि शेवटी दोन्ही हातांत सँडिंगची जाळी ताणून त्यांचे कंगोरे मोडायचे. डावीकडचे आणि उजवीकडचे पट्टे सारख्या रुंदीचे असतील तरच दोन्ही रेल सारख्या होतात. हे पट्टे पेन्सिलीनं आखून घ्यायची सवय जी कार्यशाळा लावते, तिथला शिकवणारा जाणकार आहे असं खुशाल समजा.

स्ट्रिंगरशी प्रत्येकाची झटापट होते, आणि मला वाटतं शेपिंगचं सगळं मर्म त्या पट्टीत सापडतं. फोम मऊ, पट्टी कडक. सँडिंग ब्लॉक फिरवला की फोम उतरतो आणि पट्टी तिथेच राहते. बोटाचं टोक आडवं फिरवून बघा, मधोमध बारीक उंचवटा लागतो. तो छोट्या रंध्यानं, पातं अगदी थोडं बाहेर काढून उतरवावा लागतो. रंधा जरा कलला तर पट्टीच्या दोन्ही अंगांना फोममध्ये चरे पडतात. वर रॉकरमुळे लाकडाचे तंतू मध्येच दिशा बदलतात, त्यामुळे नाकाकडे रंधा एका दिशेनं मारायचा आणि शेपटीकडे उलट्या. पातं धारदार असेल तर पातळ, अखंड सालपट निघतं. बोथट असेल तर लाकूड तुकड्यातुकड्यांनी उपटतं. मग पुन्हा फोम, पुन्हा पट्टी. हे चक्र शेवटपर्यंत चालू राहतं आणि त्यातूनच हाताला हलकेपणा येतो.

पीयूचे दोषही आहेत. ब्लँक वरच्या सालीजवळ घट्ट आणि आत मऊ असतो, म्हणून डेकच्या, म्हणजे उभं राहायच्या वरच्या, बाजूनं फार तासलं तर पायाखाली खळगे लवकर पडतात. तुमच्या आकाराला जवळचा ब्लँक निवडून देणं हे कार्यशाळेचं काम आहे. एकच मोठा ब्लँक सगळ्यांना वाटून 'यातून हवं ते काढा' म्हणणाऱ्या ठिकाणी डेकची ताकद भुकटीत जाते. उन्हानं पीयू पिवळा पडतो. ठेच लागून कवच फुटलं तर पाणी आत जातं, पण ईपीएसइतक्या झपाट्यानं नाही.

वरचं कवच फायबरग्लासच्या कापडाचं. सर्रास वापरलं जाणारं कापड 4 किंवा 6 औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला अंदाजे 135 किंवा 200 ग्रॅमचं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर, म्हणजे ते कडक करणारं रसायन, साधारण 1 ते 2 टक्के घालतात, आणि एकदा घातलं की घड्याळ सुरू होतं. हवा गरम असेल तर रेझिन बादलीतच थिजू लागतं. यावर नवशिक्यांसाठी चांगला उतारा म्हणजे अतिनील किरणांनी सुकणारं रेझिन. सावलीत निवांत कापड बसवायचं, बुडबुडे काढायचे, कडा खाली दुमडायच्या, आणि सगळं मनासारखं झालं की बोर्ड उन्हात किंवा खास दिव्याखाली न्यायचा. काही मिनिटांत कवच कडक होतं. कार्यशाळेत हे रेझिन वापरतात का, हे जरूर विचारा. शिकणाऱ्याच्या डोक्यावरचा निम्मा ताण त्यानं उतरतो.

ईपीएस आणि इपॉक्सी: हलकं, टणक, पण सबुरी हवी

ईपीएस म्हणजे फुगवलेल्या दाण्यांचा तोच फोम, जो नाजूक वस्तूंच्या खोक्यात भरलेला असतो. फक्त बोर्डासाठी जास्त घनतेचा घेतात. त्यावर पॉलिएस्टर चालत नाही, कारण त्यातलं स्टायरीन ईपीएसला विरघळवून टाकतं. इपॉक्सीच लागतं. उलट पीयूवर मात्र इपॉक्सी बेलाशक चालतं, आणि 'पीयूचा ब्लँक, वर इपॉक्सी' ही मधली वाट धरणाऱ्या कार्यशाळाही आहेत. मला ती जोडी आवडते. आकाराला पीयूचा एकजिनसीपणा मिळतो आणि कवच जास्त चिवट होतं.

ईपीएसमध्ये ओबडधोबड आकार काढणं सोपं आहे. गरम तारेनं तो लोण्यासारखा कापला जातो, आणि दोन्ही बाजूंना रॉकरचे टेम्प्लेट लावून तार फिरवली की कमान तयार. हीच तार पीयूला कधीही लावू नये. पीयू तापला की विषारी वायू सोडतो, त्यात हायड्रोजन सायनाइडही असतो. दोन्ही फोम एकाच छताखाली असलेल्या कार्यशाळेत ही सूचना भिंतीवर मोठ्या अक्षरात दिसली पाहिजे.

बारीक कामात मात्र ईपीएस त्रास देतो. धार थोडी गेली तरी दाणे अख्खेच्या अख्खे उपटून येतात आणि मागे खड्डे राहतात. ते हलक्या पुट्टीनं भरून, घासून, पृष्ठभाग बंद केल्याशिवाय रेझिन चढवलं, तर फोम रेझिन पिऊन टाकतो आणि ज्या हलकेपणासाठी हे साहित्य घेतलं तोच हातचा जातो. दुसरा मुद्दा आतल्या हवेचा. ऊब वाढत असताना लॅमिनेशन, म्हणजे कापड आणि रेझिन चढवण्याचं काम, केलं, तर दाण्यांमधली हवा प्रसरण पावून ओल्या कापडाखालून बुडबुडे वर येतात. म्हणून जाणकार लोक ऊब उतरत असताना, बहुतेक वेळा संध्याकाळकडे झुकल्यावर, हे काम घेतात. 'आमच्याकडे भर दुपारी एका बैठकीत सगळं उरकतं' असं एखाद्या ईपीएस कार्यशाळेनं सांगितलं, तर खोलीचं तापमान सारखं ठेवायची त्यांची व्यवस्था काय आहे, हे विचारून घ्यावं.

इपॉक्सीचं प्रमाण काटेकोर असतं. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडं कमीजास्त झालं तर रेझिन लवकर किंवा उशिरा सुकतं, एवढंच. इपॉक्सीत दोन्ही भाग नेमके हवेत, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या प्रमाणात, नाहीतर काही जागा कायमच्या चिकट राहतात. घाई करायची म्हणून हार्डनर वाढवणं हा तर हमखास फसणारा उपाय. सुकायला वेळ जास्त लागतो आणि थरांमध्ये साधारण रात्रभराची विश्रांती द्यावी लागते. त्यामुळे शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत ईपीएसचा बोर्ड पूर्ण होईल, हे गृहीत धरू नका. पुष्कळदा आकार तुम्ही देता आणि रेझिनकाम नंतर कोणी दुसरं करतं. ते चालणार असेल तर हरकत नाही, पण नाव घालण्याआधी ते माहीत असावं.

तयार बोर्ड मात्र छान होतो: त्याच मापाच्या पीयू बोर्डापेक्षा बहुधा हलका, दाबाला टणक आणि पाण्यावर उचललेला. लहान लाटांत तो उठून दिसतो. खवळलेल्या पाण्यात हाच हलकेपणा काहींना अस्थिर वाटतो. कवचाला तडा गेला तर लगेच पाण्याबाहेर या, कारण दाण्यांमधल्या फटींतून पाणी दूरवर पसरतं. आणि उन्हात बंद गाडीत तो ठेवू नका. आतली हवा फुगून कवच फोमपासून सुटतं.

पोकळ लाकूड: आधी विचार, मग करवत

लाकूड हे सर्फबोर्डाचं मूळ साहित्य. हवाई बेटांवर कोआ आणि विलीविली या झाडांपासून 'अलाया', 'ओलो' असे बोर्ड घडवत. पोकळ बोर्डाचं श्रेय टॉम ब्लेक यांना जातं. जुन्या हवाई बोर्डांचा अभ्यास करून त्यांनी 1926 मध्ये लाकडाला आरपार भोकं पाडून आणि वरून झाकून वजन उतरवलं, पुढे आत आडव्या फासळ्या घातलेला बोर्ड केला आणि 1932 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. 1935 मध्ये बोर्डाला फिन, म्हणजे शेपटीखालचा दिशा धरून ठेवणारा पंख, लावून बघणारेही तेच. आजच्या कार्यशाळेत जो पोकळ बोर्ड बांधतात, तो त्याच घराण्यातला.

आत प्लायवूडचा एक कणा आणि त्याला खाचांमध्ये अडकवलेल्या फासळ्या. त्यावर खालून आणि वरून पातळ पट्ट्या, बहुधा 5 ते 6 मिलिमीटर जाडीच्या, सीडर किंवा पॉलोनियाच्या. कडांना पट्ट्यांचे थर चढवून रेल उभी करतात आणि मग ती रंध्यानं, स्पोकशेव्हनं (दोन्ही हातांनी धरायच्या छोट्या रंध्यानं) गोल करतात. सर्वात वर बहुतेक ठिकाणी पातळ कापड आणि इपॉक्सी.

या पद्धतीत रॉकर कणा कापताना ठरून जातो आणि बाह्यरेषा फासळ्यांच्या लांबीत. एकदा खालच्या पट्ट्या चिकटल्या की कमान बदलता येत नाही. हात चालवण्यासाठी जागा उरते ती फक्त रेलमध्ये. त्यामुळे अशा कार्यशाळेत चित्र काढण्याला, मापं तपासण्याला, कागदावरच्या चर्चेला भरपूर वेळ द्यायला हवा. तसा वेळ न देता पहिल्याच सकाळी तयार कापलेला सांगाडा हातात ठेवला, तर तुम्ही जुळणी शिकता, रचना शिकत नाही. जुळणीतही आनंद आहे. पण जाहिरातीत 'डिझाइन' हा शब्द असेल तर तो कुठल्या तासाला येतो, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

वेळ खूप लागतो. गोंद सुकण्यासाठी थांबा, क्लॅम्प काढा, पुढची पट्टी, पुन्हा थांबा. फोमच्या कार्यशाळेला दोन-तीन दिवस पुरतात तिथे लाकडाला आठवडा किंवा कित्येक आठवड्यांच्या संध्याकाळी लागतात. वजनही जास्त: सहा फुटी पीयू बोर्ड साधारण तीन किलोचा, तर त्याच मापाचा पोकळ लाकडी त्याच्या दीडपट किंवा आणखी जड. हे वजन सगळीकडे वाईटच असतं असं नाही. लांब, संथ वळणांच्या बोर्डात त्याला चाल असते आणि एकदा गती आली की ती टिकते. छोटा, चपळ बोर्ड हवा असेल तर मात्र पहिला प्रयत्न लाकडात करू नये.

पोकळ बोर्डाला हवेचं बूच असतं. जमिनीवर ते उघडं, पाण्यात उतरताना बंद. उन्हात बूच बंद राहिलं तर आतली हवा फुगून सांधे उकलतात. कार्यशाळेत शेवटच्या दिवशी घाईघाईत सांगितली जाणारी ही सूचना खरं तर पहिल्या दिवशी सांगायला हवी, कारण बूच कुठे बसवायचं हेही सांगाड्यातच ठरतं.

यंत्रावर कापलेला ब्लँक

याबद्दल थोडक्यात. आज व्यावसायिक शेपरही बहुसंख्य बोर्ड आधी यंत्रावर कापून घेतात, त्यामुळे यात कमीपणा काहीच नाही. बोर्डकॅडसारखी मुक्त प्रणाली वापरून घरी आकार काढता येतो, रॉकर एका जागी पाव इंच वाढवला की घनफळ किती बदललं ते तिथल्या तिथे दिसतं. आकड्यांतून विचार करणाऱ्याला हे फार उपयोगी आहे. कार्यशाळेत मात्र तुमच्या वाट्याला यंत्रानं सोडलेल्या बारीक धारा घासून काढण्याचं काम येतं. बोर्ड चांगला होतो, पण हाताला फारसं काही कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बोर्डासाठी, हातानं एक तरी तासून झाल्यावर, ही वाट अधिक फळते. पडद्यावरची रेषा बघून हाताला काय लागणार आहे, ते तेव्हा समजतं.

धूळ, वास आणि त्वचा

यात कुठलंही साहित्य निर्धोक नाही, आणि 'आमचं साहित्य निसर्गाला जवळचं, मास्कची गरज नाही' असं म्हणणाऱ्या कार्यशाळेत पाऊलही ठेवू नये. पीयूची भुकटी श्वसनमार्गाला त्रास देते. पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनचा वास उग्र असतो. निदान तो धोक्याची जाणीव तरी करून देतो. त्याचं हार्डनर डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून मोजताना चष्मा लागतोच.

इपॉक्सीला वास फारसा नसतो आणि तिथेच लोक फसतात. त्यातल्या घटकांची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. पुढे थेंबभर लागला तरी पुरळ उठतं. या धंद्यातल्या कित्येकांना त्यापायी रेझिनकाम सोडावं लागलं आहे. नायट्राइलचे हातमोजे घालायचे, ते वरचेवर बदलायचे, आणि हाताला लागलंच तर साबण-पाण्यानं धुवायचं. ॲसिटोननं हात पुसायची सवय घातक आहे, कारण ते रेझिन पातळ करून त्वचेत आणखी खोल नेतं. लाकडाचंही तेच: वेस्टर्न रेड सीडरच्या भुशानं दमा उद्भवतो, हे सुतारांच्या बाबतीत चांगलं नोंदलं गेलं आहे. आणि कवच घासताना उडणारी काचेची धूळ तर तिन्ही प्रकारांत आहेच.

कार्यशाळा बघायला जाल तेव्हा मास्कच्या खोक्यावर नजर टाका. कापडी मास्क असतील तर ते भुकटीलाही पुरत नाहीत. धुळीसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क आणि रेझिनच्या वाफांसाठी वेगळी कार्ट्रिज हवी. तासायची आणि रेझिनची खोली वेगळी आहे का, हेही बघा. वेगळी असेल तर बोर्डही चांगला होतो, कारण ओल्या रेझिनवर भुकटी बसत नाही.

माणसं आणि खोली

तासायच्या खोलीच्या भिंती गडद रंगाच्या हव्यात आणि दिवे दोन्ही बाजूंना, आडवे, बोर्डाच्या उंचीला. छतावरच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. बाजूनं प्रकाश आला की हाताला जेमतेम लागणारा उंचवटाही सावली टाकतो आणि शिकणारा स्वतःच्या डोळ्यांनी चूक पकडतो. महागड्या हत्यारांपेक्षा मी या दिव्यांना जास्त महत्त्व देईन. सर्फॉर्म (किसणीसारखं तासणारं हत्यार), छोटा रंधा, करवत, सँडिंग ब्लॉक, जाळी आणि जाडी मोजायचा कॅलिपर एवढ्यावर उत्तम बोर्ड होतो. विजेचा रंधा वेळ वाचवतो, पण पहिल्यांदाच हातात घेतला तर एका फटक्यात तो जेवढं नेतो तेवढं परत आणता येत नाही.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्याच्या हातांची. तुमचा रंधा अडला की तो स्वतः घेऊन काम उरकतो, की तुमच्या शेजारी उभा राहून 'इथे बोट फिरव, काय लागतं सांग' म्हणतो? पहिल्या प्रकारात बोर्ड सुबक होतो, दुसऱ्यात तुम्ही शेपर होता. नाव घालण्याआधी एक तास चालू कार्यशाळेत बसू द्याल का, असं विचारा. चांगली माणसं बसू देतात.

घरी एकट्यानं हे सगळं करता येतं, आणि पुष्कळ जण करतातही. पण सामुदायिक कार्यशाळेची खरी मिळकत शेजारच्या स्टँडवर असते. तुमचा बोर्ड तासून तुमची नजर त्याला सरावते आणि डावी रेल जाड राहिली आहे हे दिसेनासं होतं. शेजारच्याला ते दारातून दिसतं. तिसऱ्याचं नाक जास्त उचललेलं असतं, चौथीची शेपटी निमुळती, आणि एकाच प्रकारच्या ब्लँकमधून इतके आकार निघताना बघून रॉकर आणि रेल यांचं नातं जसं कळतं तसं एकट्यानं कित्येक बोर्ड करूनही कळत नाही. लॅमिनेशनच्या वेळी कापडाचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. म्हणून साहित्याच्या दोन कार्यशाळांत मन अडकलं असेल, तर जिथे सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी काम करतात ती घ्या. प्रत्येकाला वेगळी वेळ देणारी जागा म्हणजे भाड्यानं मिळालेली हत्यारं.

माझा स्वतःचा कौल पहिल्या बोर्डासाठी हातानं तासलेल्या पीयूला आहे, आणि सोय असेल तर वर इपॉक्सीला. ज्याला बोर्डापेक्षा रंध्याचं, लाकडाच्या वासाचं वेड आहे त्यानं मात्र माझं ऐकू नये, सरळ लाकडाकडे जावं. त्याचा उत्साह फोममध्ये टिकणार नाही.

आकार काय धरावा

हे कार्यशाळेत जाण्याआधीच ठरवून जा, कारण तिथे शेजारी कोणीतरी धारदार, निमुळता बोर्ड काढत असतो आणि मोह होतो. 1981 साली ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी बेल्स बीचची स्पर्धा स्वतः घडवलेल्या तीन फिनच्या बोर्डावर जिंकली आणि पुढे सगळं जग तीन फिनकडे वळलं. त्यामागचं कारण साधं होतं. तेव्हा गाजत असलेला दोन फिनचा बोर्ड त्यांच्या दणकट शरीराखाली सटकत होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या शरीराला साजेसा बोर्ड बनवला. तुम्हीही तेवढंच करायचं आहे.

घनफळाचा ढोबळ हिशेब हातानं करता येतो. लांबी, रुंदी, जाडी इंचांत गुणा, त्याला 0.55 नं गुणा आणि 61 नं भागा, की लिटर येतात. आठ फूट लांब, 22 इंच रुंद, 3 इंच जाड बोर्ड म्हणजे 96 गुणिले 22 गुणिले 3, म्हणजे 6,336 घन इंच, आणि त्यातून साधारण 57 लिटर. नवशिक्यानं आपल्या वजनाच्या किलोंइतके किंवा त्याहून थोडे जास्त लिटर धरावेत, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. सराव वाढला की लिटर कमी होत जातात. आता याच बोर्डाची जाडी तासताना एक अष्टमांश इंच जास्त उतरली तर दोन-तीन लिटर गेले. म्हणून कॅलिपर खिशात ठेवा आणि ठरलेल्या जाडीच्या थोडं अलीकडेच रंधा थांबवा. रेल आणि शेवटचं घासकाम उरलेलं आपोआप घेतं.

पहिल्या बोर्डाला गोल किंवा साधी चौकोनी शेपटी बरी. 1967 च्या सुमारास सॅन डिएगोत स्टीव्ह लिस यांनी केलेल्या फिश बोर्डाची दुभंगलेली शेपटी सुंदर दिसते, पण त्या खाचेत कापड बसवणं भल्याभल्यांना जड जातं. तळ सपाट किंवा शेपटीकडे किंचित उतरता ठेवा, खोलगट भाग नंतरच्या बोर्डांसाठी राहू द्या. आणि सध्या तुम्ही ज्या बोर्डावर बसता, उभे राहता, त्याची मापं घेऊन जा: लांबी, मधली रुंदी, नाकापासून आणि शेपटीपासून 12 इंचांवरची रुंदी, जाडी, रॉकर. त्यातलं एखादंच माप बदला. मग नवा बोर्ड पाण्यात कसा वेगळा वागतो आणि का, हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.